मदत हवी आहे: अंडरग्राउंड टाकीत पाणी नेमकं किती मावेल? तिघांची तीन उत्तरं

भाऊ लोकहो, जरा हिशोब तपासून द्या. नागपुरात बेसाकडे घराचं काम सुरू आहे, अंगणात टाकी बांधायची आहे अन् ठेकेदार सांगून राहिला की १० बाय ६ बाय ५ फूट म्हणजे साडेआठ हजार लिटर. ३०० घनफुटाला २८.३१७ नं गुणलं तर ८,४९५ येतात, तेवढं बरोबर. पण लांबी-रुंदी बाहेरून-बाहेरून आहे ना! भिंती ९ इंची विटेच्या, दोन्हीकडून मिळून दीड फूट गेला, आतून राहिलं ८.५ बाय ४.५. खोली आतून ५ आहे पण ओव्हरफ्लोचा पाइप स्लॅबच्या फूटभर खाली, म्हणजे पाणी चारच फूट. माझे १५३ घनफूट झाले, ४,३३२ लिटर. अर्ध्यावर आलं ना बाप्पा.

भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्यानं १५३ ला ०.३०४८ नं गुणून ४६ घनमीटर काढले, म्हणते मामा ४६ हजार लिटर मावते 😄

अजून एक, खड्डा १२ बाय ८ बाय ६ चा, ५७६ घनफूट, म्हणजे ५.७६ ब्रास (१०० घनफुटाचा एक ब्रास). माती उचलायचे पैसे मात्र साडेसात ब्रासचे. काऊन? अन् उन्हाळ्यात टँकर येते तो ५,००० लिटरचा, तो तरी पूर्ण मावला पाहिजे.

--

तुमचंच बरोबर आहे. भाच्याला सांगा, ०.३०४८ फक्त लांबीला लावून होत नाही, रुंदीला अन् खोलीलाही लावा लागते, तिन्ही मिळून ०.०२८३. १५३ गुणिले तेवढं म्हणजे ४.३३ घनमीटर, अन् एका घनमीटरात १,००० लिटर, झालं. आधीच सगळं मीटरमध्ये करून पाहा, २.५९ × १.३७ × १.२२, तेच येते. अन् ४ फूट ६ इंच कॅल्क्युलेटरवर ४.६ टाकणारे लय असतात, ते ४.५ असते. प्लास्टरची जाडी अजून धरलीच नाही तुम्ही, अन् तळातलं पाच-सहा इंच पाणी फूटवाल्व्ह (पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) ओढत नाही, ते ५०० लिटर तिथंच पडून राहते.

--

मातीत ठेकेदाराची चोरी नाही. आपली काळी माती खोदली की मोकळी होऊन फुगते, पाव ते तिसरा हिस्सा धरा, ७.२ ते ७.७ ब्रास भरते ट्रॉलीत. फक्त पैसे खड्ड्याच्या मापानं की ट्रॉलीच्या, हे कामाच्या आधी कागदावर लिहून घ्या, नंतर तोंडी भांडणात काही हाती लागत नाही.

--

समजलं, धन्यवाद दोघांना. आता विटेऐवजी ६ इंची आरसीसीची (सळ्या टाकलेल्या काँक्रीटची) भिंत घेतली तर आतून ९ बाय ५ होते, चार फूट पाण्याला १८० घनफूट, ५,०९७ लिटर. टँकर मावेल ना मग?

--

टाकी पूर्ण कोरडी असली तर कसाबसा. तळात ते ५०० लिटर असतातच, म्हणून नाही मावणार. खोली अर्धा फूट वाढवा, त्यात ६३७ लिटर वाढतात. आरसीसी मात्र कराच, काळ्या मातीत विटेच्या भिंतीला तडे जातात.