सगळे म्हणतात ‘प्रभू माझ्याशी बोलला’. मला का ऐकू येत नाही?

वडगावशेरीकर

सर्वांना सलाम. वय 29, हिंजवडीला नोकरी. घरी आई आणि मी, पपा 3 वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. लहानपणापासून संडे स्कूल, तरुण संघ, सगळं झालंय. तरी ही एक गोष्ट कुणाला तोंडावर विचारायचं धाडस होत नाही.

आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी कुणीतरी उठतं आणि सांगतं, “पहाटे प्रभू माझ्याशी बोलला, अमुक कर म्हणाला.” मी आमेन म्हणतो आणि पोटात खड्डा पडतो. माझ्याशी तो असा कधी बोललेलाच नाही. आता हैदराबादची ऑफर आलीय, 20 तारखेपर्यंत कळवायचंय. पाळकसाहेब म्हणाले, “प्रभूला विचार, तो सांगेल.” दोन आठवडे रोज साडेपाचला उठतोय. वचन वाचतो, डोळे मिटून बसतो. ऐकू काय येतं? पाण्याची मोटर, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, कंपनीची बस चुकेल ही धास्ती. आणि आई. आईचा विचार तर बसल्याबरोबर येतो. तो बाजूला सारतो, पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना सुरू करतो.

तुम्हाला खरंच ऐकू येतं का? कसं?

कॅम्पवाला

सलाम भाऊ. जास्त विचार करू नकोस. प्रार्थना करून दोन चिठ्ठ्या टाक आणि घरातल्या लहान मुलाला एक उचलायला लाव. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित म्हणून मत्थियाला निवडताना प्रेषितांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या.

निवृत्त सिस्टर

बाळा, तुझं लिहिणं काल रात्री दोनदा वाचलं.

चिठ्ठ्यांचं आधी सांगते. प्रेषितांनी टाकल्या, खरं आहे. पण ते पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत कुठे येत नाही. चिठ्ठीने निकाल लागतो, पण बोलणाऱ्याची ओळख होत नाही. आणि तू विचारतोयस ते ओळखीचं आहे.

मी नर्स. 34 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी लेबर वॉर्डात. 1981 ला ट्रेनिंगला होते तेव्हा आमच्याकडे मॉनिटर नव्हते. ॲल्युमिनियमचं छोटं नळकांडं असायचं, फीटोस्कोप. एक तोंड बाईच्या पोटावर, दुसऱ्याला आपला कान. कान टेकला की हात काढून घ्यायचा, नाहीतर आपल्याच बोटांची खरखर ऐकू येते. पहिले कित्येक दिवस मला नुसती आतड्यांची गुरगुर ऐकू यायची. मग एका दुपारी स्पष्ट ठोके आले आणि मी आनंदाने ओरडले, “सापडलं!” मोठ्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. माझी बोटं धरून त्यांनी त्या बाईच्या मनगटावर ठेवली. कानातला ठोका आणि बोटाखालची नाडी, दोन्ही एकाच तालात. “80 आहे ना? हे आईचं. बाळाचं 120 ते 160 असतं. आधी हाताने बाळाची पाठ शोध, मग तिथे कान लाव.” मी पाठ शोधली, कान लावला. उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखी बारीक, भरभर टिकटिक. इतकी हळू, की मी श्वास रोखला तेव्हा कळली.

पुढे प्रार्थनेतही मी तीच चूक केली. थोरल्या मुलाला सेवेसाठी बोलावणं आहे असं देवाने मला सांगितलं, ही साक्ष मी भर मंडळीत दिली. तो सेमिनरीत गेला आणि वर्षभरात परत आला. नंतर बरीच वर्षं तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. ती माझी नाडी होती. विधवा बाईचा मुलगा पाळक झाला असं लोकांनी म्हणावं, ही माझी हौस. आईची नाडी वाईट नसते रे. पण ती बाळाची नव्हे. त्याची मी माफी मागितली, तीही फार उशिरा.

ऐकू आलं तेव्हा काय झालं, तेही सांगते. मत्तयचा पाचवा अध्याय वाचत होते. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, ते वचन. डोळ्यासमोर जाऊबाई आल्या. दुसऱ्या दिवशी पुढचा उतारा वाचला, तरी त्याच. तिसऱ्या दिवशीही त्याच. सासूबाईंची पाटली हरवली तेव्हा मी त्यांच्यावर संशय घेतला होता, चारचौघांत. पाटली पुढे तांदळाच्या डब्यात निघाली, पण माफी कुणीच मागितली नाही. मी पूलगेटहून बस धरून हडपसरला गेले. दारातच सांगितलं, “चुकलं माझं.” त्या बराच वेळ हातातलं लाटणं धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “आत या, पोळी गरम आहे.” कुठला आवाज आला नव्हता, अंगावर काटाही नव्हता. वचन होतं आणि एक तोंड होतं, ते हटत नव्हतं.

माझ्यासाठी बाळाची ती पाठ म्हणजे वचन. आधी ते शोधते, मग तिथे कान लावते. आणि काही ऐकू आलंच तर स्वतःचं मनगट धरून बघते, मला हे आधीपासून किती हवं होतं?

एक विचारू? आईला तू बाजूला का सारतोस?

केडगाव लाइन

सिस्टर, सलाम. दौंडच्या गाडीने केडगावला जाताना मला हटकून पंडिता रमाबाई आठवतात. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या 1883 ला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते शिक्षण राहून गेलं. ज्यांना माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, त्यांनी केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. शब्द न्‌ शब्द तोलत बसण्याइतकं दुसरं कसलं ऐकणं असेल? भाऊ, देवाने हाक मारली तेव्हा लहानग्या शमुवेलालाही तीनदा कळलं नव्हतं कोण हाक मारतंय ते. तो उठून एली याजकाकडेच धावला. तूही उठतोयस ना रोज?

वडगावशेरीकर

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून लॅपटॉप मिटून ठेवला होता. खरं सांगतो, आईला ऑफरचं अजून बोललोच नाहीये. प्रभूकडून ‘जा’ ऐकलं की मगच तिला सांगायचं, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही, असं मनात होतं. हे इथे लिहिताना पहिल्यांदाच दिसलं.

निवृत्त सिस्टर

मग 20 तारखेचं राहू दे. आज घरी गेल्यावर आधी तिच्याजवळ बस.

वडगावशेरीकर

काल रात्री सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “मला कळलं होतं. तू पहाटे उठून रडतोस ते भिंतीपलीकडे ऐकू येतं.” मग तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. हैदराबादचं अजून ठरलेलं नाही. आज साडेपाचला आम्ही दोघं बसलो होतो.