मदत हवी आहे: स्पोर्टी सेडान लीजवर घेताना हप्ता आणि विमा एकत्र कसा तोलायचा?

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांच्या लीजवर स्पोर्टी सेडान घ्यायचं पक्कं आहे. यादीत तीन गाड्या उरल्या आहेत: बीएमडब्ल्यू ३३०आय, तिचाच जास्त ताकदीचा अवतार एम३४०आय, आणि मर्सिडीज-एएमजी सी४३. तिन्ही मनापासून आवडतात, त्यामुळे निवड आता हिशोबावरच होणार, आणि तो जुळत नाहीये. लीजच्या हप्त्यात ज्या गाड्या जवळजवळ दिसतात, त्या विम्याच्या कोटमध्ये एकमेकींपासून लांब जातात. माझी आतापर्यंतची समज खाली लिहिते. जाणकारांनी तपासून द्यावी.

आधी लीज. हप्त्याचे दोन भाग असतात. घसाऱ्याचा भाग म्हणजे करारात ठरलेली किंमत वजा मुदतीअखेर गृहीत धरलेली उरलेली किंमत, भागिले महिने. व्याजाचा भाग म्हणजे याच दोन किमतींची बेरीज गुणिले मनी फॅक्टर (लीजचा व्याजदर ज्या छोट्या आकड्यात सांगतात तो). व्याजासाठी बेरीज का, हे आधी कळत नव्हतं. मुदतभरातली सरासरी थकबाकी ही त्या बेरजेच्या निम्मी असते. ते निम्मं करणं, वर्षाचे बारा महिने आणि टक्केवारीचे शंभर, हे तिन्ही भागाकार मनी फॅक्टरच्या आकड्यातच धरलेले असतात. म्हणून त्याला २४०० ने गुणलं की वार्षिक व्याजदर निघतो. ०.००२५ म्हणजे ६ टक्के. कोटमध्ये हा आकडा दिला नसेल तर मागूनच घ्या, कारण गाडीच्या किमतीत सूट देऊन ती इथे वसूल करता येते.

आता काल्पनिक आकडे घेते, कर न धरता. साध्या व्हेरिएंटची छापील किंमत १०००, ठरलेली ९६०, आणि ३६ महिन्यांनी उरलेली किंमत छापील किमतीच्या ५४ टक्के, म्हणजे ५४०. घसारा ४२० भागिले ३६, म्हणजे ११.६७. व्याज १५०० गुणिले ०.००२५, म्हणजे ३.७५. हप्ता १५.४२. ताकदवान व्हेरिएंटची छापील किंमत १२५०, ठरलेली १२१०, पण मागणी जास्त म्हणून उरलेली किंमत ६० टक्के, म्हणजे ७५०. घसारा १२.७८, व्याज ४.९०, हप्ता १७.६८. गाडी २५ टक्क्यांनी महाग, हप्ता मात्र १५ टक्क्यांनीच जास्त!

इथेच मोह होतो. एवढ्याशा फरकात सहा सिलिंडर मिळतात, मग साधी कशाला घ्यायची? पण उरलेली किंमत चांगली आहे याचा फायदा फक्त लीजमध्ये मिळतो. विमा कंपनीला तीन वर्षांनी गाडी कितीला विकली जाईल याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ती बघते की या मॉडेलचे मालक किती क्लेम करतात, ते केवढ्याचे असतात, सुटे भाग आणि दुरुस्ती किती महाग पडते, गाडी चोरीला किती जाते आणि चालवणारा कोण आहे. जर्मनीत तर मॉडेलनिहाय क्लेमच्या अनुभवावरून दरवर्षी वर्ग ठरवून जाहीर करतात. सर्वसमावेशक विम्यासाठी ते १० ते ३४ असे आहेत.

माझ्या यादीत यामुळे आणखी एक गुंता झालाय. ३३०आय १९९८ सीसीची, चार सिलिंडरची. एम३४०आय २९९८ सीसीची, सहा सिलिंडरची. आणि सी४३ फक्त १९९१ सीसीची, पण विजेच्या मोटरची जोड असलेल्या टर्बोच्या जोरावर ४०० अश्वशक्तीच्या पुढे जाते. म्हणजे दर सीसीवर ठरत असेल तर सी४३ थेट ३३०आयच्या रांगेत बसते, आणि ताकदीवर किंवा क्लेमवर ठरत असेल तर तिघींत सर्वांत वर जाऊ शकते. एकाच गाडीला दोन ठिकाणांहून इतके वेगळे कोट का येतात, याचं कारण हेच असावं का?

शिवाय लीजमध्ये गाडी आपली नसते. सर्वसमावेशक विमा घ्यावाच लागतो, डिडक्टिबल (क्लेममधला आपण स्वतः भरायचा वाटा) किती ठेवायचं यावर लीज कंपनीची मर्यादा असते, थर्ड पार्टी कव्हरही ती म्हणेल तेवढं घ्यावं लागतं. स्वतःच्या गाडीला प्रीमियम कमी करायचे जे मार्ग असतात, त्यातले बरेच इथे बंद.

म्हणून मी प्रत्येक गाडीसाठी ३६ हप्ते, सुरुवातीचं आणि शेवटचं शुल्क आणि तीन वर्षांचा प्रीमियम, असं सगळं मिळवून ३६ ने भागते आहे. ही पद्धत बरोबर आहे का? आणि दुसरा प्रश्न: डाउन पेमेंट जास्त भरलं तर हप्ता छान खाली येतो. ते भरावं का? विमा क्षेत्रातल्या कुणी उत्तर दिलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद

ताई, पद्धत बरोबर आहे, पण एक दुरुस्ती करा. लीजचा हप्ता तीन वर्षं बांधलेला असतो, प्रीमियम नसतो. तुम्ही बहुधा पहिल्या वर्षाचा प्रीमियम तिनाने गुणला असेल. विमा साधारण दरवर्षी नव्याने ठरतो, आणि ज्या मॉडेलचे क्लेम वाढतात त्याचा दर तुमचा स्वतःचा एकही क्लेम नसताना वाढू शकतो. ताकदवान व्हेरिएंट मुळात कमी विकले जातात, त्यामुळे थोड्या मोठ्या अपघातांनीही त्यांचा हिशोब हलतो. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम आपोआप बराच उतरेल असंही धरू नका. गाडीचं मूल्य घटतं, पण बंपरमधला रडार आणि काचेमागचा कॅमेरा बदलून पुन्हा जुळवायचा खर्च गाडीच्या वयाबरोबर घटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी थोडी वाढ धरूनच तिन्ही गाड्या तोला.

कोट वेगळे येण्याबद्दल तुमचा अंदाज योग्य आहे, पण त्याआधी दोन्ही कोट खरंच एकाच गोष्टीचे आहेत का ते पाहा. नेमका व्हेरिएंट, तेच डिडक्टिबल, तेवढंच थर्ड पार्टी कव्हर, तोच चालक, वर्षाचे तेवढेच किलोमीटर. ऑनलाइन फॉर्मवर ३ सिरीज एवढंच निवडलं की बऱ्याचदा साध्या व्हेरिएंटचा दर दिसतो, आणि खरा दर सही झाल्यावर कळतो. करारावर सही करायच्या आधी लेखी कोट हातात हवा, तोही लीज कंपनीच्या अटी विमा कंपनीला दाखवून घेतलेला.

डाउन पेमेंटबद्दल माझं स्पष्ट मत आहे: नियमाने बंधनकारक असेल तेवढंच भरा. तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. १२१० ची गाडी, तीन महिन्यांनी टोटल लॉस झाला, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली. तोवर घसाऱ्यापोटी साधारण ३८ फिटले, म्हणजे थकबाकी ११७२. विमा कंपनीने बाजारभाव १०५० धरला तर १२२ चा खड्डा राहतो, आणि गॅप कव्हर (हाच फरक भरणारं संरक्षण) असेल तर तो भरून निघतो. आता समजा तुम्ही सुरुवातीला १२० भरले होते. थकबाकी १०६२ च्या आसपास, खड्डा फक्त १२. गॅप कव्हर १२ देणार आणि तुमचे १२० गेले. हप्ता कमी दिसावा म्हणून भरलेल्या पैशाने तुम्ही गॅप देणाऱ्याचा भार उचलला. ते पैसे बँकेत ठेवा आणि त्यातून हप्ता भरा.

प्रतिसाद

विम्याबद्दल वर सगळं आलंय. मी फक्त टायरचं सांगतो, कारण तुमच्या बेरजेत ते दिसलं नाही. अशा गाड्यांवर बरेचदा पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. त्यांची अदलाबदल करता येत नाही, आणि मागचे आधी झिजतात. परत देताना नक्षीची खोली करारातल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर नव्या टायरचे पैसे लागतात. पातळ कडेच्या टायरमुळे अलॉय फुटपाथला सहज घासतं, त्याचेही. आणि ट्रॅक डेला जायचा विचार असेल तर दोन्ही करार वाचा. रेसट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा धरत नाहीत, आणि लीज कंपनीही त्याला मनाई करू शकते. इंजिनाचं ट्यूनिंग तर अजिबात नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या वर्षाचा प्रीमियम तिनाने गुणला होता हे खरं आहे. आता वाढ धरून आणि एम३४०आयच्या रकान्यात मागच्या टायरची एक जोडी घालून पुन्हा मांडलं. हप्त्यात दिसत होता त्याच्या जवळजवळ दुप्पट फरक ३३०आय आणि तिच्यात निघतोय. तरीही मला सहा सिलिंडरच हवे असतील तर तेवढे पैसे समजून-उमजून देईन, पण हप्त्याच्या आकड्याला भुलून नाही. सी४३ चा लेखी कोट मागवला आहे, तो येईपर्यंत ती यादीत राहील. डाउन पेमेंट रद्द केलं.

एकच राहिलं. लीजच्या मसुद्यात गॅप हा शब्द आहे, पण वेगळं शुल्क दिसत नाही. याचा अर्थ कव्हर आहे असा घ्यायचा का?

प्रतिसाद

नुसत्या शब्दावरून घेऊ नका. टोटल लॉस झाल्यास विम्याची रक्कम आणि थकबाकी यांतला फरक लीज कंपनी माफ करते, असं स्पष्ट वाक्य असेल तर ते करारातच आहे आणि विमा कंपनीकडून पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. फरक तुम्ही भरायचा आहे किंवा गॅप कव्हर घेणं ही तुमची जबाबदारी आहे, असं लिहिलं असेल तर तेच कव्हर वेगळं घ्यावं लागेल आणि त्याचा खर्च तुमच्या बेरजेत धरावा लागेल. माफीतून काय वगळलंय तेही त्याच कलमात बघा. थकलेले हप्ते आणि जास्तीचे किलोमीटर सहसा वगळतात, डिडक्टिबलही बऱ्याच ठिकाणी. शिवाय विमा चालू नसेल किंवा विमा कंपनीने क्लेम नाकारला तर ही माफी मिळत नाही, म्हणून प्रीमियमच्या नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. मसुद्यातलं ते कलम इथे टंकून दिलंत तर वाचून सांगतो.