वंचकाने पाण्यात टाकलेला पाव: आमिष की योगायोग?

मुळाकाठ (प्रश्न): पुण्याजवळ मुळा-मुठा नदीवरच्या कवडीपाटच्या बंधाऱ्याजवळ एका वंचकाने (भुऱ्या रंगाच्या छोट्या बगळ्याने) काठावरचा पावाचा तुकडा उचलला, तो न खाता समोरच्या पाण्यात टाकला आणि मान आखडून तो तिथेच उभा राहिला. मध्ये म्हशी आल्यामुळे पुढचे दिसले नाही. पक्षी माशांसाठी आमिष वापरतात का? शेजारीच एक लहान बगळा (पांढऱ्या बगळ्यांची एक जात) पाय पुढे करून पाण्यात थरथरवत होता. तो प्रकारही यातलाच मानावा का?

पाणथळ: आमिषाचा वापर बगळ्यांच्या कुळात निश्चित नोंदलेला आहे. हिरव्या पाठीच्या बगळ्याविषयी जपानमधील पक्षी-अभ्यासक हिरोयोशी हिगुची यांनी १९८६ मध्ये सविस्तर लिहिले असून, ते पक्षी पाव, किडे, पिसे, इतकेच नव्हे तर काटक्याही पाण्यावर सोडत असत. मात्र आपल्या वंचकाबाबत एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण कोरडा पाव मऊ करण्यासाठीही तो भिजवला जाऊ शकतो आणि चोचीतून तो नुसता निसटूही शकतो. खरी कसोटी पुढच्या वर्तनात आहे: तुकडा वाहून जाऊ लागल्यावर पक्ष्याने तो उचलून पुन्हा समोर ठेवला का, आणि मासे जमल्यावर पाव सोडून माशावरच झडप घातली का? म्हशींनी नेमका तोच पुरावा झाकला.

चिखलपाय: लहान बगळ्याचे तंत्र याच्या उलट आहे. आमिष भक्ष्याला जवळ आणते, तर पायाची थरथर चिखलात वा पाणवनस्पतींत दडलेल्या माशांना, कोळंबीला आणि किड्यांना हुसकावून बाहेर काढते. त्याच्या काळ्या पायांची पिवळी बोटेही यात उपयोगी पडत असावीत, असे म्हटले जाते. मुळा-मुठेच्या गढूळ पाण्यात ती माशांना कितपत दिसत असतील, याची मला शंकाच वाटते. उजनी जलाशयाकाठच्या भिगवणचे चित्रबलाकही (एक प्रकारचे करकोचे) पायांनी तळ ढवळतात, पण ते अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून फिरवतात आणि मासा चोचीला लागताच ती मिटतात, त्यामुळे त्यांना गढूळपणाची फारशी अडचण होत नाही.

मुळाकाठ: आभार. आता मीच काठावर पाव ठेवून चित्रीकरण केले तर चालेल का?

पाणथळ: शक्यतो नको. आपल्या पावाचा चुरा पाण्यात पडून मासे आधीच जमले, तर वंचकाने त्यांना बोलावले की तो जमलेल्या माशांकडे आला, हे ठरवता येणार नाही.