टॉवर, डोकेदुखी आणि बी विंगची अर्थिंग

वैशाली वहिनी (बी-302): समोरच्या इमारतीवर मोबाईल टॉवर बसल्यापासून आमच्या विंगमध्ये डोकेदुखी, मळमळ, हाताला मुंग्या, झोप उडणं असं चालू आहे. खिडक्यांना रेडिएशन अडवणारे पडदे आणि मोबाईलला चिकटवायच्या रेडिएशनविरोधी चिपा एकदमच मागवू या का? सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगला विषय ठेवा.

अनिल काका (ए-101): वहिनी, ऑर्डर थांबवा. टॉवरच्या लहरी मोजता येतात. 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली, म्हणजे 1800 मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींना चौरस मीटरमागे साधारण 0.9 वॅट. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवर शोधा, फी भरून मोजणी मागवा. मोजणी अँटेनाच्या समोर, त्याच उंचीच्या गच्चीवर करायला सांगा. झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो, त्यामुळे टॉवरच्या बुडाशी आकडा उलट कमी येतो.
चिपेचा उपयोग शून्य. आणि पडद्याने सिग्नल अडला तर घरातला फोन जोर वाढवतो. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट फेकतो, सिग्नल चांगला असेल तर त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे लांबचा टॉवर अडवून कानाशी धरलेला फोन तापवायचा!

डॉ. मेघना ताई (ए-304): त्रास खरा आहे, कुणीही 'मनाचे खेळ' म्हणू नये. पण डबल ब्लाइंड चाचण्यांत, म्हणजे लहरी चालू की बंद हे रुग्ण आणि तपासणारा दोघांनाही माहीत नसताना, लहरींनी त्रास होतो म्हणणाऱ्यांना ते ओळखता आलेलं नाही, आणि लहरी बंद असतानाही त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 मध्ये हेच मांडलं. म्हणून कारण दुसरीकडे शोधू या.
मला पहिली शंका गॅस गिझरची. बाथरूममध्ये गिझर, खिडकी बंद, एक्झॉस्ट नाही, मग कार्बन मोनॉक्साइड साचतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना एकदम होतं आणि बाहेर पडलं की उतरतं, ही खूण. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात फसवतं, ऑक्सिजन 98 टक्के दाखवतं. रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, बघावं लागतं.
मुंग्यांसाठी बी-12, साखर, थायरॉईड. शाकाहारी घरांत बी-12 आधी. बीपी आणि हिमोग्लोबिन सगळ्यांनीच.

रफीकभाई (वायरमन): डॉक्टर, मुंग्यांचं एक मी सांगतो. नुसत्या बसल्या येतात की फ्रिज, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की? दुसरं असेल तर अर्थिंग गेली. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो. अर्थ धड असेल तर जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. टू-पिन ॲडॉप्टर लावला तरी तेच.
मल्टिमीटरने सॉकेटमध्ये बघायचं: फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूप कमी किंवा उड्या मारत असेल तर वायर सुटली आहे. घरच्यांनी मात्र सॉकेटमध्ये काही घालू नये, मला बोलवा. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं, तिथले अर्थ पट्टीचे क्लॅम्प आतून खाल्लेले असतात. वरून रंग मारला की दिसत नाही. क्लॅम्प सोडून पॉलिश करून परत आवळायचा, अर्थची वायर जमिनीत उतरते त्या पिटचा (खड्ड्याचा) रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आणायचा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला.

वैशाली वहिनी: राऊटर उशापाशीच आहे. त्याचं काय?

डॉ. मेघना ताई: झोपायच्या खोलीतून बाहेर काढा, त्यात काही बिघडत नाही. पण खात्री हवी असेल तर घरातल्या दुसऱ्याने दहा रात्री नाणं उडवून चालू-बंद करावं. राऊटर कपाटात, दिवे झाकलेले. तुमचा फोन दुसऱ्या खोलीत, नाहीतर नेट गेलेलं लगेच कळतं. सकाळी तुम्ही झोप कशी लागली ते एका वहीत, त्यांनी चालू की बंद ते दुसऱ्या वहीत. दहाव्या दिवशीच जुळवा.
पेसमेकरवाले: फोन छातीपासून 15 सेंमी, इंडक्शन शेगडी दोन फूट लांब. तिथे लहरींचा परिणाम यंत्रावर खरंच होऊ शकतो.

सचिव: बाथरूममध्ये गॅस गिझर असलेल्यांनी फ्लॅट नंबर टाका. रफीकभाई शनिवारी दहाला मीटर रूमपासून सुरुवात करतील.

वैशाली वहिनी: बी-302.

सुनील (बी-303): बी-303.

आशा काकू (बी-201): आमच्याकडे पण. खिडकीला काचच बसवून टाकली आहे.

डॉ. मेघना ताई: काकू, आज गिझर लावू नका. पाणी शेगडीवर तापवा, काच उद्या काढून घ्या. आणि काकांचं डोकं दुखत असेल तर मला आत्ता फोन करा.