मदत हवी आहे: कवळी लावणाऱ्या सासूबाईंच्या जेवणात फायबर कसं वाढवू?

नमस्कार मंडळी. सासूबाईंची साखर आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही काठावर आहेत. डॉक्टरांनी फायबर वाढवायला सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम सांगते, आणि यांच्या पोटात जातो तो मऊ भात, वरण आणि चहात बुडवलेली बिस्किटं.

अडचण कवळीची आहे. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली तर आवडीने खातात. मटकीची उसळ मात्र ताटात तशीच राहते. साल कवळीखाली अडकतं आणि हिरडी दुखते. पेरूच्या बियांचंही तेच. काकडी-गाजराच्या कोशिंबिरीचं तर नावच नको.

मऊ शिजेल पण चोथा टिकेल असं तुम्ही काय करता? अख्खे मसूर किंवा चवळी सालासकट शिजवून घोटायचा विचार आहे. गाळलं नाही तर फायबर जात नाही, एवढं ठाऊक आहे. नाचणीची आंबील, लाल भोपळ्याचं भरीत, यांतलं रोज काय चालेल?

शिवाय एकदम वाढवलं की गॅस धरतो, पाणीही जास्त लागतं, आणि त्या पाणी फार कमी पितात. तुमच्याकडे वयस्कर माणसांना हळूहळू कशी सवय लावलीत? इसबगोल आहेच, पण आधी ताटातूनच जमावं असं मनापासून वाटतं.