झेडपी शाळेत पहिलीला घालायचंय, अभ्यास आणि संस्कार खरंच होतात का?

लेकीची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. गावची झेडपी शाळा घरापासून पाच मिनिटांवर, पहिली ते चौथी, दोनच शिक्षक. सासरे म्हणतात तालुक्याला इंग्लिश मिडियमला घाला, बस दारात येते. मागच्या आठवड्यात शाळा बघून आले तर पहिलीची पोरं खाली गोल करून आगपेटीच्या काड्या मोजत बसलेली, फळा कोरा. बाई म्हणाल्या हाच अभ्यास. भिंतीवर दहा मूल्यं रंगवलीत, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा वगैरे. पण ती शिकवतात कशी, त्याचा तास असतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज, मला खरंच झोप लागत नाहीये.

खडू_फळा:
ताई, मी झेडपीतच आहे, बावीस वर्षं झाली. त्या काड्या म्हणजे गणितच हो. दहा काड्यांना रबर लावला की एक दशक, 34 म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या. आता 34 मधून 8 काढ म्हटलं की पोरगं चार सुट्ट्या देतं आणि अडतं, मग स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर सोडतं. ज्याने रबर सोडला त्याला वजाबाकीतला हातचा वेगळा शिकवावा लागत नाही. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडा असा क्रम आहे, सातारच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळांनी हे करून दाखवलं तेव्हा राज्यभरातून शिक्षक बघायला गेले होते.

मूल्यांचं म्हणाल तर रोजचा परिपाठ असतो, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, दिनविशेष, गोष्ट. पण खरं काम त्यानंतर दिवसभर चालतं. आमच्या वर्गात एका खोक्यात पेन्सिली, खोडरबर, वह्या ठेवल्यात, दुकानदार नाही, वस्तू घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे. एकदा पाच रुपये कमी भरले, मी कुणाला विचारलं नाही, पोरांनीच हिशोब फळ्यावर मांडला. चौथ्या दिवशी डब्यात पाचचं नाणं जास्त निघालं. कुणी टाकलं ते अजून मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही.

बांधावरून:
सरांचं पटतं पण सगळीकडे असं नसतं. माझा मुलगा आधी ज्या शाळेत होता तिथे भिंतीवर स्त्री-पुरुष समानता मोठ्या अक्षरात आणि रोज वर्ग झाडायला फक्त पोरी, पोरं बाहेर क्रिकेट खेळतायत. मी व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला बोललो तेव्हा कुठे पाळ्या लागल्या, मुलगे पण झाडायला लागले. पोरगा घरी येऊन आईच्या हातातला झाडू घ्यायला लागला ना, तेव्हा मला कळलं मूल्यशिक्षण काय असतं ते. ताई, भिंत वाचू नका, खिचडीच्या वेळेला जा. वाढतं कोण, ताटं कोण घासतं, लहान पोराला आधी मिळतं का, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत बसतात का ते बघा.

आणि पट विचारा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पोरं असली तर दोन शिक्षक मिळतात, पण वर्ग चार, म्हणजे एकाकडे दोन इयत्ता, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं. एक शिक्षक कामावर गेला की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे, यात शिक्षकाचा दोष नाही पण पोराचं नुकसान होतंच.

खडू_फळा:
हे खरंय, नाकारत नाही. तरी दोन इयत्ता एकत्र असल्या की दुसरीची पोर पहिलीच्या पोराला वाचून दाखवते, त्यात दोघांचं वाचन पक्कं होतं. ताई, बाईंना विचारा की मागे पडलेल्या पोरासाठी काय करता. लगेच नाव घेऊन सांगितलं की त्याला जोडाक्षरं अडतायत, तर समजा बाईंचं पोरांकडे लक्ष आहे.

लेकीची_आई:
खूप आभार दोघांचे. सोमवारी खिचडीच्या वेळेलाच जाते, सासऱ्यांनाही घेऊन. काड्यांचं त्यांना सांगितलं तर म्हणाले आम्ही चिंचोक्यांवर शिकलो होतो की.