मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओची पोरं एकाच गावात एकत्र पाठवा. पटतंय का?

सिस्टर_ट्यूटर
मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, मुलींचं कम्युनिटी पोस्टिंग माझ्याकडे असतं. दक्षिण सोलापुरातल्या ज्या गावात आमच्या मुली फॅमिली फोल्डर (घरागणिक आरोग्याची नोंद) घेऊन फिरतात तिथेच मेडिकलची पोरं फॅमिली अ‍ॅडॉप्शनला येतात (गावातली काही घरं दत्तक घ्यायची, २०२१-२२ च्या बॅचपासून एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, ते लावलंय), आणि आशाताईंचं रजिस्टर तर कायमचंच. एका आजींचं बीपी एकाच आठवड्यात तिघांनी मोजलं, तीन वह्यांत लिहिलं. आजींची बीपीची गोळी संपलेली होती, ती कुणी आणून दिली नाही कारण ते कुणाच्याच वहीत नव्हतं!

माझं म्हणणं एवढंच की मेडिकलच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे (लोकांमध्ये जाऊन आरोग्याचं काम) १२ आठवडे आहेत, त्यातले दोन आठवडे मेडिकल, नर्सिंग, बीएएमएस (आयुर्वेद), फार्मसी, फिजिओ यांची एक टीम करा, टीमला पाच घरं द्या, आणि एका घराचा एकच कागद. शनिवारी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बसून त्या पाच घरांवर बोला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये हेच सांगितलंय, की वेगवेगळ्या शाखांच्या पोरांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. आपल्याकडे पहिलंच होत नाही. फार्मासिस्ट म्हणजे काउंटरवरचा माणूस एवढंच पोरांना माहीत असतं.

इंटर्न_झोपेत
मॅडम, मनापासून सांगतो, कम्युनिटीचे १२ आठवडे म्हणजे नीट पीजीचा (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास, हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, तुम्ही तेच काढून घ्यायलाय. वर्षभर सॅम्पल पोचवा, रक्तपेढीत पळा, ट्रॉली ढकला, आणि उरलेल्यात अजून एक टीमवर्क आणि त्याचं अजून एक लॉगबुक. टीम वर्क आम्ही वॉर्डात शिकतोच की. मला पहिली आयव्ही लाइन एका सीनियर सिस्टरनीच शिकवली, तिला कुणी मॉड्यूल दिलं नव्हतं.

बार्शीचा_जीपी
इंटर्नचं अर्धं बरोबर आहे, अर्धा आळस आहे 😀 पण ट्यूटर ताई, हे नवीन नाही. १९४६ च्या भोर समितीने (देशाची आरोग्यव्यवस्था कशी हवी ते सांगणारी) 'सोशल फिजिशियन', म्हणजे समाजात जाऊन काम करणारा डॉक्टर, हवा म्हणून सांगितलं, १९७७ ला मेडिकलचं शिक्षण गावाकडे वळवायची 'रोम' योजना आली, दर मेडिकल कॉलेजने तीन पीएचसी सांभाळायच्या, गाड्याबिड्या मिळाल्या. पुढे काय झालं? विरली. कारण शिकवण्यात खोट नव्हती, पीएचसीत माणूसच टिकत नव्हता. आधी रिकाम्या जागा भरा, डॉक्टर, एएनएम (गावात फिरणारी नर्स), लॅब टेक्निशियन द्या, मग टीम करा. जिथे टीमच नाही तिथे पोरं टीमवर्क कुणाचं बघून शिकणार?

सिस्टर_ट्यूटर
डॉक्टरसाहेब, पण माणूस टिकत नाही त्याचं एक कारण हेही आहे की तिथे तो एकटा पडतो. सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे, तिथे बॅच एक गाव दत्तक घेते, सुरुवातीलाच गावात शिबिराला राहते. आणि करमाळ्याच्या शेजारी जामखेड, आपल्यापासून लांब नाही, १९७० ला डॉ. आरोळे दांपत्याने काम सुरू केलं, गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, डॉक्टरांबरोबर बसवून शिकवलं. तिथे डॉक्टर आधी का टीम आधी?

बार्शीचा_जीपी
जामखेडचं उदाहरण सगळे देतात. ते आरोळे दांपत्य स्वतः तिथे राहिलं म्हणून चाललं. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये तसलं काही उतरत नाही, गाव ओळख द्यायच्या आत पोरं परत एसटीत बसलेली असतात.

मोहोळ_मेडिकल
मी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा), औषधाचं दुकान चालवतो. टीबीचा पेशंट, शुगर पण आहे, ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) चालू. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन आलं की ग्लिमेपिराइडचा असर कमी होतो आणि शुगर चढते. पेशंट म्हणतो टीबीच्या गोळीनं शुगर वाढली, गोळी नको. आता बघा, हे फार्मसीवाल्याला माहीत, गोळी बदलायचा अधिकार डॉक्टरला, आणि पेशंटनं गोळी बंद केलीय हे फक्त सिस्टरला नाहीतर आशाला कळतं. त्यात रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, पहिल्याच आठवड्यात घाबरून सोडणारे असतात, ते आधी सांगायला कोण बसलंय? तिघं एका खोलीत आलेच नाहीत तर काय होणार, पेशंट माझ्या काउंटरवर येऊन भांडणार. माझं मत १००% ट्यूटर ताईंना. फक्त डी.फार्मची पोरं आरोग्य विद्यापीठाखाली नाहीत, ती तंत्रशिक्षण मंडळाकडे, तेव्हा त्यांचं वेळापत्रक कोण जुळवणार ते सांगा.

पीजी_पीएसएम
टीबीचं उदाहरण झकास आहे, पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१३ मध्ये अशा एकत्र शिक्षणाचे १५ अभ्यास तपासले. ७ मध्ये फायदा, ४ मध्ये मिश्र निकाल, ४ मध्ये काहीच फरक नाही, आणि अभ्यास एकमेकांपासून इतके वेगळे की बेरीज करता आली नाही. मी विरोधात नाही, मी म्हणतोय की 'पोरांना मजा आली, अ‍ॅटिट्यूड बदलला' असे फीडबॅक फॉर्म भरून घेऊन यश जाहीर करू नका. काय मोजणार ते आधी ठरवा. किती आजींची गोळी सलग सहा महिने चालू राहिली, हे मोजा की.

कन्नड_अक्कलकोट
तुमची शहाणी चर्चा चालू द्या, आमच्या घरचं ऐका. आईला कन्नड येतं, मराठी मोडकं. पोरं येतात, फॉर्म काढतात, मराठीत भराभर विचारतात, आई मान हलवते आणि ते 'होय' म्हणून टिक करतात. शेवटी आशा वहिनीच सगळं बोलते. आता तुम्ही पाच जणांची टीम पाठवणार? एका खोलीचं घर हो, कोपऱ्यात विड्या वळत बसलेली बहीण, पाच पांढरे कोट आत आले तर शेजारीपाजारी दारात गोळा होतात. टीबीचं तर कुणी बोलणारच नाही त्यांच्यापुढे.

सिस्टर_ट्यूटर
दादा, हे महत्त्वाचं बोललात. घरात दोघंच जातील, कोट न घालता, आणि आशाताई बरोबर. बाकीचे पीएचसीत थांबतील, चर्चा तिथे. विडीवाल्या बहिणीची मान-पाठ दुखत असेल तर फिजिओचा विद्यार्थी नंतर वेगळा जाईल.

फिजिओ_होटगी_रोड
धन्यवाद, आम्ही पण आहोत म्हणून कुणाला तरी आठवलं 😂

बीएससी_थर्ड_इयर
मी नर्सिंगची विद्यार्थिनी, नाव सांगत नाही. मॅडमची आयडिया चांगली आहे पण खरं काय होतं ते सांगू? गटात एक एमबीबीएस असला की तो आपोआप लीडर. 'सिस्टर, जरा वजन घ्या, सिस्टर, फॉर्म भरा.' आम्ही शिकायला जातो आणि त्याचं काम करून येतो. त्याच्यापेक्षा आमचं वेगळं पोस्टिंग बरं, तिथे निदान डिलिव्हरीनंतरची भेट मी स्वतः करते. लीडर आळीपाळीने ठरणार असेल, आणि डिस्कशनला आधी एमबीबीएसचं न ऐकता आमचं ऐकणार असाल, तर येते.

इंटर्न_झोपेत
हे बाकी खरं बोललीस ताई, आमच्यातले करतात असं. पण पाहिलंस का, तू पण नको म्हणतेस, मी पण नको म्हणतो, म्हणजे पोरांचं एकमत!

पंढरीचा_वारकरी
आषाढीला पंढरपुरात येऊन बघा राव, तिथे डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, स्वयंसेवक सगळे एका तंबूत, कुणी कुणाला मोठा म्हणत नाही.

बार्शीचा_जीपी
माउली, वारीत गर्दी असते म्हणून सगळे धावतात, थांबून शिकायला तिथे वेळ कुणाला? माझा विरोध एकाच गोष्टीला आहे, रिकाम्या जागेवर विद्यार्थी भरून 'सेवा चालू आहे' असं दाखवण्याला. उद्या झेडपी म्हणेल टीम येतेय ना, मग एएनएमची जागा कशाला भरायची.

सिस्टर_ट्यूटर
हे मला मान्य आहे, पीएचसीत एमओ (तिथला डॉक्टर) आणि एएनएम हजर नसतील त्या गावात टीम पाठवायचीच नाही, अशी अट घालू. वेळापत्रकाचं म्हणाल तर मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद, फिजिओ हे चौघं नाशिकच्या एकाच आरोग्य विद्यापीठाखाली आहेत, डी.फार्मवाले पहिल्या वर्षी नसले तरी चालतील, तुमच्यासारखा एखादा दुकानदार शनिवारी बोलावू. आळीपाळीने लीडर ठीक, आणि चर्चेत पहिलं बोलणं आशाताईंचं, मग नर्सिंगचं, डॉक्टर सगळ्यात शेवटी. पीजी सर म्हणतात तसं गोळी चालू राहिली का तेच मोजायचं. पण आशाताईंच्या त्या वेळेचे पैसे कॉलेजांनी आधी लेखी द्यावेत, नाहीतर मीच विरोधात. त्यांच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते तुम्हाला माहितीये.

पीजी_पीएसएम
पैसे कुठल्या हेडमधून? आमच्या डिपार्टमेंटला गाडीचं डिझेल मिळवायला तीन सह्या लागतात.

इंटर्न_झोपेत
आणि हजेरीवर सही कुणाची? आशाताईंची असेल तर मी येतो, त्या दुपारी झोपलेल्याची पण हजेरी लावतील. एचओडी मॅडमची असेल तर माझं मत बदललेलं नाही.

कन्नड_अक्कलकोट
आमच्या वहिनीला तू ओळखत नाहीस बे. तिच्या वहीत गैरहजर म्हणजे गैरहजर.